काठावरचे वाङ्मय

आषाढ लागला की दिवाळी अंकांच्या संपादकांना लेखकांची आठवण होते. यंदा एका संपादकांचा दूरध्वनी आला तो प्रवास विशेषांकासाठी. "नदीवर काही द्या सर. हल्ली आपले लोक क्रूझवर फार जातात. ऱ्हाइन, डॅन्यूब, असं काही." मी म्हणालो, नदीवरच देतो. कोजागरीच्या सुमारास एका मित्राच्या मोटरहोडीने तळोज्याहून निघायचे, खाडीवाटे मुंबई बंदर ओलांडायचे आणि चौथ्या दिवशी नागोठण्याला पोहोचायचे असा आमचा बेत चालला आहे. त्या बेतावरच लिहितो. पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग अत्यंत सौजन्याने प्रश्न आला, "तळोज्याला नदी आहे?"

लेख अर्थातच बारगळला. प्रश्न मात्र राहिला, आणि त्या गृहस्थांना हसण्याचा अधिकार मला नाही. तळोजा म्हटले की सुशिक्षित मराठी माणसाला औद्योगिक वसाहत आठवते, मध्यवर्ती कारागृह आठवते, आणि नोव्हेंबर २०२३ पासून बेलापूर-पेंधर मेट्रो आठवते. कासाडी नदी आठवत नाही. पूर्वेकडच्या डोंगरउतारांवरून येणारी ही लहानशी नदी वसाहतीच्या अंगाने वाहते आणि खारघर-कळंबोलीच्या मधून उतरत पनवेलच्या खाडीला मिळते. स्नानाच्या वेळी ज्या सात नद्यांचे स्मरण करतात त्यांत ती असण्याचा प्रश्नच नाही.

माझे म्हणणे थोडे कटु आहे. मराठी वाङ्मयाने नदीला आई केले, आणि आई केल्यामुळे तिच्याकडे नीट पाहण्याची जबाबदारी टाळली. आपल्या साहित्यातली नदी घाटाच्या पायऱ्यांवरून दिसते. तिला नमस्कार करतात, तिच्यात बुडी मारतात, तिच्या काठी चिंतन करतात, तिच्या पुराला भितात, फार तर तरीत बसून पैलतीर गाठतात. तिच्या लांबीच्या दिशेने सहसा कोणी जात नाही. ओलांडणाऱ्याला नदी ही दोन काठांमधली अडचण असते. तिच्यावरून जाणाऱ्याला ती वाट असते. आणि वाट म्हटली की तिची खोली, तिचा गाळ, तिचे वळण, तिचा वास, तिच्यावरच्या पुलाची उंची हे सारे मोजावे लागते. आईची खोली कोण मोजतो?

'माझा प्रवास' हे आपल्या प्रवासवाङ्मयाचे आद्य रत्न मानले जाते आणि ते योग्यच आहे. गोडसे भटजींचे वरसई हे गाव पेण तालुक्यातले, म्हणजे आमच्या बेतातल्या धरमतर खाडीच्याच मुलखातले. १८५७ मध्ये घराबाहेर पडलेल्या या भिक्षुकाने उत्तर हिंदुस्थान पायी तुडवला, झाशीचा वेढा आतून पाहिला, आणि परतताना गंगा कावडीतून खांद्यावर आणून आईवडिलांना स्नान घातले. पुस्तक छापले गेले १९०७ मध्ये. त्या कावडीमागची निष्ठा मोठी आहे, तिचा उपहास करण्याचा माझा हेतू नाही. पण प्रतिमा पाहा: आमच्या पहिल्या मोठ्या प्रवासवर्णनात माणूस नदीवरून जात नाही, नदी माणसाच्या खांद्यावरून जाते. पुढे साताऱ्यात जन्मलेल्या काकासाहेब कालेलकरांनी भारतातल्या नद्यांवर पुस्तक केले, आधी गुजरातीत. नद्यांवर इतके प्रेम करणारा दुसरा लेखक आपल्याकडे शोधावा लागेल. त्या पुस्तकाचे नाव मात्र 'लोकमाता'. निकाल नावातच लागलेला आहे.

या परंपरेतला वारस जेव्हा ऱ्हाइनवर जातो तेव्हा मौज होते. तिथे त्याला नदीतून जाणारी मालवाहू जहाजे दिसतात, पाणीपातळीचे फलक दिसतात, काठावरच्या गावांचे धक्के दिसतात. नदी हा रस्ता असू शकतो हे पाहून तो थक्क होतो आणि तीन हजार शब्द लिहितो. शेवटच्या परिच्छेदात 'आपल्याकडे हे कधी होणार' असा उसासा असतो. आपल्याकडे हे होते, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

यावर ठरलेला आक्षेप भूगोलाचा. दख्खनच्या नद्या पावसाळी, पात्रे खडकाळ, उन्हाळ्यात वाळूच जास्त. त्यांवरून कोण आणि कुठे जाणार? देशापुरते मला हे मान्य आहे. परंतु कोकणचे काय? सावित्रीवरचे महाड, वाशिष्ठीवरचे चिपळूणचे गोवळकोट, जगबुडीवरचे खेड, कुंडलिकेवरचे रोहा-अष्टमी, अंबेवरचे नागोठणे, अर्जुनेवरचे राजापूर, उल्हासवरचे कल्याण, आणि आमचे पनवेल. ही गावे नकाशावर जिथे आहेत तिथेच का आहेत? भरतीचे पाणी साधारण तिथवर चढते म्हणून. गलबत जिथवर जाईल तिथे बाजारपेठ बसली, आणि तिथून बैलांच्या तांड्यांनी घाट धरला. रेल्वे होण्यापूर्वी मुंबईहून पुण्याला जाणारा माणूस होडीने पनवेलच्या बंदराला उतरे आणि मग बोरघाटाच्या वाटेला लागे. म्हणजे भूगोलाने वाट दिली होती. वाङ्मय मात्र घाटमाथ्यावर बसून लिहिले गेले, आणि पुणे-नाशिक-वाईच्या पायऱ्यांवरून दिसणारी नदी हीच 'मराठी नदी' ठरली. श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत' (१९८७) मधली जगबुडी, बोरकरांच्या कवितेतले गोव्याचे पाणी, असे अपवाद आहेत. अपवाद मोजायला हाताची बोटे पुरतात, एवढेच.

आता थोडे बेताविषयी, कारण तो आखताना मला जे शिकावे लागले ते एम. ए.च्या कोणत्याही पेपरात नव्हते.

ऋतू शरद, हे उघड होते. पावसाळ्यात मुंबई बंदरातल्या प्रवासी लाँची बंद असतात, त्या सप्टेंबरात सुरू होतात. आश्विनापर्यंत समुद्र बसतो. सकाळी जमिनीवरून मतलई वारा, दुपारनंतर समुद्रावरून खारा वारा. तेव्हा बंदराचे उघडे पाणी सकाळीच ओलांडून घ्यावे. शरदाचे संस्कृत वर्णन आम्ही वर्गात वर्षानुवर्षे शिकवतो: अगस्तीचा तारा उगवतो आणि पाणी निवळते. 'रघुवंशा'च्या चौथ्या सर्गात तेच आहे. पण त्याच सर्गात शरद नद्यांना उतार देतो, त्या पायी ओलांडण्याजोग्या करतो आणि रघूची सेना दिग्विजयाला निघते, हेही आहे. इतकी वर्षे शिकवूनही त्यातली गोम लक्षात आली नव्हती. कालिदासालाही शरदातली नदी आवडते ती आड येत नाही म्हणून!

मग भरती-ओहोटी. छापील तक्ते मिळतात, पण आमच्या मित्राच्या होडीवरचा तांडेल कोळी आहे आणि त्याचे गणित तोंडी आहे: तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीचा तास येतो. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. रोज पन्नासेक मिनिटांनी ती पुढे सरकते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, पाणी थोडे चढते आणि थोडे उतरते. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, तेव्हा मुंबईच्या पाण्यात चार-साडेचार मीटरचा फरक पडू शकतो. खाडीत शिरायचे चढत्या पाण्याबरोबर, बाहेर पडायचे उतरत्या पाण्याबरोबर. तळोज्याच्या बाजूने उतरताना मात्र पेच आहे. ऐन भरतीत पुलाखालची मोकळी जागा कमी होते, ओहोटीत होडी चिखलात बसते. तेव्हा भरती पूर्ण झाल्यावर तास-दीड तास थांबून निघावे असे ठरले. पहिला मुक्काम बेलापूर. दुसऱ्या दिवशी सकाळी बंदर ओलांडून, अटल सेतूखालून आणि न्हावा-शेव्याच्या जहाजांपासून अंग चोरून, करंजा. तिसऱ्या दिवशी धरमतर. चौथ्या दिवशी तृतीया येते. तृतीयेची भरती सव्वादोनची, आत खाडीत ती आणखी उशिरा, म्हणजे आठ-साडेआठला चढते पाणी धरले की ते आपोआप नागोठण्याकडे घेऊन जाईल. पंचांग हे प्रवासाचे पुस्तक आहे हे मला या वयात कळले. मुहूर्त पाहण्यापुरतेच ते घरात होते.

कागदपत्रांचा भाग कंटाळवाणा आहे. नोंदणी, सर्वेक्षण, चालकाचे प्रमाणपत्र, विमा. १९१७ चा अंतर्देशीय जहाजांचा कायदा जाऊन २०२१ मध्ये नवा आला, किनाऱ्याचा कारभार १९९६ पासून महाराष्ट्र मेरिटाइम बोर्डाकडे आहे. लाइफ जॅकेटबद्दल चेष्टा करण्याची हिंमत आता उरलेली नाही. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' लाँचला नौदलाची स्पीडबोट धडकली आणि सहलीला निघालेली माणसे परत आली नाहीत. पण या कागदांत एक आनंद सापडला. २०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्याने १११ जलमार्ग घोषित केले. त्यांत दहाव्या क्रमांकाला आमची अंबा आहे, सुमारे ४५ किलोमीटर: रेवसजवळ धरमतर खाडीच्या मुखापासून नागोठण्याच्या एसटी स्टँडजवळच्या पुलापर्यंत. देशाच्या संसदेने केलेल्या कायद्याच्या अनुसूचीत नागोठण्याचा एसटी स्टँड! जे प्रवासवर्णनकारांना दिसले नाही ते एखाद्या सर्वेक्षकाला दिसले, आणि त्याने ते एका ओळीत लिहून ठेवले. ती ओळ मला अनेक ललित लेखांपेक्षा जवळची वाटली.

कासाडी त्या यादीत नाही.

बेताचा पहिला टप्पा तिथेच अडला. पुलांची उंची, गाळ, तिवरे यांची तयारी आम्ही केली होती. तांडेल एका दुपारी पाणी पाहून आला आणि त्याने नकार दिला. कारण तांत्रिक होते. होडीच्या मागे बसवलेले इंजिन थंड राहण्यासाठी बाहेरचेच पाणी आत ओढून घेते आणि सोडून देते. तो म्हणाला, "सर, माणूस एक वेळ नाक दाबून जाईल. इंजिन नाय जायचं." नदीविषयी इतके नेमके समीक्षात्मक विधान मी अलीकडे ऐकलेले नाही.

ऑगस्ट २०१७ मध्ये तळोज्यात निळी कुत्री दिसली होती, हे वाचकांना आठवत असेल. रंगद्रव्याच्या एका कारखान्याकडे बोट दाखवले गेले, प्रदूषण नियंत्रण मंडळाने तो बंद केला, छायाचित्रे जगभर गेली. आपल्या साहित्यविश्वात त्याची दखल काय घेतली गेली? पंचतंत्रातला निळीच्या रांजणात पडलेला कोल्हा सगळ्यांना आठवला. मलाही आठवला, मी तो वर्गात सांगितलाही, आणि मुले हसली. आता वाटते, तो हशा लांच्छनास्पद होता. कोल्हा चुकून रांजणात पडला होता आणि त्याच्या वाट्याला निदान काही दिवस राज्य आले. ही कुत्री नदीच्या काठी अन्न हुंगत हिंडत होती. गोष्ट हाताशी होती म्हणून आपण वस्तुस्थितीपासून सुटलो. त्याच काळात या नदीचा प्रश्न राष्ट्रीय हरित लवादापुढे गेला. तो तिथे नेण्यात स्थानिक माणसे पुढे होती, साहित्यिक नव्हते.

इथे दुसरा आक्षेप येईल, आणि तो पहिल्यापेक्षा गंभीर आहे. हा पर्यावरणाचा आणि प्रशासनाचा प्रश्न. त्याचे खापर रूपकावर का फोडता? जेरोमने १८८९ मध्ये तीन मित्रांची होडी टेम्सवर फिरवली म्हणून टेम्स वाचली का? नाही वाचली. १९५७ मध्ये लंडनमधल्या टेम्सला जीवशास्त्रीयदृष्ट्या मृत ठरवण्याची वेळ आली होती. बंगालमध्ये रवींद्रनाथांनी पद्मेवरच्या नावेतून पत्रे लिहिली, माणिक बंद्योपाध्यायांनी १९३६ मध्ये पद्मेच्या नावाड्यावर कादंबरी दिली, अद्वैत मल्लबर्मन यांनी तितास नावाच्या एका नदीलाच नायिका केले. तरी बंगालचे पाणी स्वच्छ राहिलेले नाही. साहित्य गाळ काढत नाही, हे मला ठाऊक आहे. मी एवढेच म्हणतो की तिथे नदी आजारी पडली तेव्हा तिला ओळखणारी माणसे आणि तिचे वर्णन करणारी भाषा शिल्लक होती. टेम्स मेली हे वाक्य लंडनकराला समजत होते. कासाडी मेली असे म्हणण्यासाठी आधी ती होती हे सांगावे लागते, आणि 'तळोज्याला नदी आहे?' हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारला जातो. शब्दाचा पुरवठा हे तरी साहित्याचे काम आहे की नाही? नसेल तर आपण पगार कशाचा घेतो?

आणि 'आई' हे रूपक सर्वांचे होते, हा समजही तपासून पाहिला पाहिजे. घाटाच्या पायऱ्या ज्यांना बंद होत्या त्यांना ही आई कुठून दिसणार? महाडचा सत्याग्रह आपण शिकवतो तो चवदार तळ्याच्या काठावर उभे राहून. पण त्या वर्षाच्या अखेरीस डॉ. आंबेडकर दुसऱ्यांदा महाडला गेले ते कसे? २४ डिसेंबर १९२७ रोजी शेकडो प्रतिनिधींसह ते मुंबईहून 'पद्मावती' बोटीने निघाले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी सावित्रीच्या खाडीतल्या दासगाव बंदरावर उतरले. धरमतरला उतरून पुढे मोटारीने जाण्याची जवळची वाट होती. पण बसवाल्यांनी बहिष्कार घातला तर? दासगावहून महाड पाच मैल, तेवढे चालत जाता येते, असा त्यामागचा हिशेब होता. त्याच दिवशी महाडात मनुस्मृतीचे दहन झाले.

मराठी माणसाने केलेला सर्वांत अर्थपूर्ण खाडीप्रवास कोणता, असे कोणी विचारले तर मी हा सांगेन. रस्ता ज्यांना नाकारला जाण्याची शक्यता होती त्यांनी पाण्याची वाट निवडली, आणि तीही पाण्याच्याच हक्कासाठी. बोट, बंदर, खाडी, उतरल्यावरचे अंतर, असा काटेकोर बेत कोणीतरी आखला होता. सागरी बहिष्कृतांचा हा प्रवास आपल्या प्रवासवाङ्मयाच्या एकाही चर्चेत येताना मी ऐकलेला नाही. तो 'सामाजिक इतिहास' म्हणून दुसऱ्या कपाटात ठेवलेला असतो. प्रवासवर्णन म्हणजे हौशी माणसाने परदेश पाहून केलेले लेखन, ही आपली व्याख्या किती सोयीची आहे हे त्या कपाटांच्या वाटणीवरून दिसते. १७ जुलै १९४७ रोजी रेवसला निघालेली 'रामदास' बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. त्या बोटींनी कोकणची किती माणसे मुंबईच्या गिरण्यांत आणली आणि गणपतीला परत नेली! त्यांच्या डेकवर बसलेल्यांनी काय पाहिले, कोणत्या खाडीत कोणता वास ओळखून गाव जवळ आल्याचे जाणले, याचे वाङ्मय कुठे आहे? आरमाराचा अभिमान मात्र भरपूर. सप्टेंबर २०२२ मध्ये नौदलाच्या ध्वजावर शिवमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आला तेव्हा आपण सर्वांनी अभिमानाचे संदेश पाठवले. ज्या कल्याणच्या खाडीत ते आरमार आकाराला आले, तिच्या पाण्याचा रंग आज कसा आहे, हे त्या संदेशांत कोणी विचारले नव्हते.

पीएच. डी.साठी विषय शोधणाऱ्या विद्यार्थ्यांना माझे एक निमंत्रण आहे, सल्ला नव्हे. 'मराठी कवितेतील नदीप्रतिमा' या विषयावरचे प्रबंध पुरे झाले. एखादी खाडी घ्या. तिच्या काठच्या कोळी-आगरी बोलीत पाण्याच्या अवस्थांना किती शब्द आहेत ते नोंदवा. उधाण आणि भांग हे मला साठीच्या उंबरठ्यावर कळले; ज्याच्याकडून कळले त्याचा नातू कळंबोलीच्या एका गोदामात रात्रपाळी करतो आणि त्याला ते शब्द येत नाहीत. हा आकडा कोणत्याही प्रदूषण अहवालात नसतो.

आमचा बेत रद्द झालेला नाही, पहिला टप्पा बदलला आहे. होडी बेलापूरला थांबेल. तळोजा ते बेलापूर हे अंतर आम्ही तिघे पेंधरहून मेट्रोने कापणार आहोत, नांगराची दोरी आणि लाइफ जॅकेटे मांडीवर घेऊन. जेरोमचे तिघेजण पावसाला कंटाळून शेवटी नाव सोडून आगगाडीने लंडनला परतले होते. आम्हाला गाडी सुरुवातीलाच धरावी लागते आहे. तांडेलाने वेळ कळवली आहे: पौर्णिमा, भरती सव्वाअकराला, दीडच्या आत बेलापूरच्या धक्क्यावर या, पाणी थांबत नाही.